खलाशाची जोडदुर्बीण

दुर्बीण विकत घेण्यास निघालेल्या मनुष्याच्या तोंडीं पहिला प्रश्न बहुधा हाच असतो कीं, हिच्यांतून वस्तु किती पट मोठी दिसते? दुकानदारही त्याच प्रश्नाची वाट पाहत बसलेला असतो. आठपट, दहापट, बारापट असे आंकडे तो चढत्या क्रमानें सांगतो आणि गिऱ्हाइकाचा हात त्याच क्रमानें खिशाकडे जातो. परंतु ज्यांचा जीव पुष्कळदां दुर्बिणीवर अवलंबून राहिला, त्या दर्यावर्दी लोकांनीं मात्र सातपटीच्या पलीकडे जाण्याचा मोह आज कित्येक पिढ्या टाळिला आहे. सात गुणिले पन्नास, म्हणजे सातपट वर्धन आणि पन्नास मिलिमीटर व्यासाचें पुढचें भिंग, हें त्यांचें ठरलेलें माप. हा संयम त्यांस कसा सुचला, हें पाहण्यासारखें आहे.

जोडदुर्बीण ही एकेरी दुर्बिणीच्या जवळजवळ बरोबरीची आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १६०८ च्या ऑक्टोबरांत हान्स लिपरहे नांवाच्या चष्मे करणाऱ्या कारागिरानें हेग येथील राज्यसभेपुढें आपली नळी ठेवून मक्ता मागितला, तेव्हां सभासदांनीं त्यास उलट फर्माविलें कीं, दोन्ही डोळ्यांनीं पाहतां येईल असें यंत्र करून आण. त्यानें तें करून दिलें. पैसे मिळाले, मक्ता मात्र मिळाला नाहीं, कारण ही युक्ति इतरांसही अवगत असल्याचें दिसून आलें. पुढच्याच वर्षीं ऑगस्टांत गॅलिलिओनें व्हेनिसच्या सरदारांस सेंट मार्कच्या मनोऱ्यावर नेऊन दूरवरचीं जहाजें दाखविलीं. नुसत्या डोळ्यांस दिसण्यापूर्वीं दोन तास आधीं येणारें गलबत ओळखूं येतें, हें पाहिल्यावर त्या व्यापारी राज्यानें त्याचा पगार वाढविण्यास विलंब लाविला नाहीं. गुरूचे चंद्र सांपडले ते त्यानंतर. दुर्बिणीची किंमत प्रथम ठरली ती समुद्रावर. आपल्याकडे तिला फारसीवरून आलेलें नांवही मोठें नेमकें आहे: दूर पाहणारी.

गॅलिलिओच्या दुर्बिणींत प्रतिमा सुलट दिसते. परंतु वर्धन वाढविलें कीं देखावा कुलपाच्या भोंकाएवढा होतो. म्हणून व्हिएन्नांत १८२३ पासून फॉइग्टलेंडर यांनीं जोडून विकलेल्या असल्या नळ्या मुख्यतः नाटकगृहांतच शोभल्या. केप्लरनें १६११ सालीं सुचविलेल्या दोन बहिर्गोल भिंगांच्या रचनेंत देखावा रुंद होतो, पण जग उलटें दिसतें. आणि उलटें जहाज पाहून सुकाणूं कोणीं धरावें? तें सुलट करण्यास आणखी भिंगें घालावीं, तर नळी हातभर लांब होते. या पेचांतून वाट काढली ती इग्नाझिओ पोरो या इटालियन तोफखान्याच्या अधिकाऱ्यानें. १८५४ मध्यें त्यानें नळींत कांचेचे लोलक बसवून प्रकाश मागेंपुढें वळविला. प्रतिमा सुलट झाली आणि लांबीही आंखडली. कल्पना उत्तम, पण तिला पुरी पडेल अशी निर्मळ कांच त्या काळीं नव्हती. ती १८८४ सालीं येना येथें ओटो शॉट याचा कारखाना निघाल्यावर मिळूं लागली. एर्न्स्ट आबे यानें पोरोची वार्ता नसतां तीच रचना स्वतंत्रपणें शोधिली होती. त्यानें झाइसकरितां मक्ता मागितला, तेव्हां पोरोचें जुनें काम पुढें आलें, आणि दोन मुख्य भिंगें डोळ्यांहून अधिक अंतरावर ठेवण्याच्या कल्पनेपुरतीच सनद मिळाली. १८९४ मध्यें ह्या दुर्बिणी बाजारांत आल्या.

आतां सात आणि पन्नास यांचें गणित. पुढच्या भिंगाच्या व्यासास वर्धनानें भागलें म्हणजे डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी निघते; येथें ती सुमारें सात मिलिमीटर येते. तरुण मनुष्याची बाहुली अंधारांत जवळजवळ तितकीच उघडते. म्हणजे रात्रीच्या पहाऱ्यास याहून अधिक प्रकाश डोळ्याला घेतां येत नाहीं. दुसरें असें कीं, दुर्बीण जितकी वस्तु वाढविते, तितकाच हाताचा कंपही वाढविते. मुंबई बंदरांतून पलीकडच्या तीरास जाणाऱ्या लाँचवर कोणी बारापटीची दुर्बीण डोळ्यांस लावून पाहावी. किनाऱ्यावरचे माड जागच्या जागीं नाचूं लागतील आणि पाहणाऱ्यास लवकरच बसावेंसें वाटेल. उतारवयांत बाहुली पांच मिलिमीटरांवर येते, तेव्हां आमच्या मतें अशा गृहस्थानें सात गुणिले पस्तीस घेतली तरी रात्रीं त्याचें फारसें नुकसान नाहीं, आणि खांद्यावरचें ओझें व किंमत दोन्ही उतरतात. तथापि हलत्या नौकेवर शलाका जाड असली म्हणजे डोळा थोडा सरकला तरी अंधारी येत नाहीं, हा मोठीचा गुण विसरूं नये.

दुर्बीण हाताशीं नसली म्हणजे काय होतें, हा वाद १९१२ मध्यें टायटॅनिक बुडाल्यावर जगभर गाजला. टेहळ्या फ्रेडरिक फ्लीट यानें अमेरिकन सेनेटच्या चौकशींत साक्ष दिली कीं, दुर्बीण असती तर हिमनग थोडा आधीं दिसला असता आणि तेवढ्यानें जहाज वांचलें असतें. उलट इंग्लंडमधील चौकशींत शॅकल्टनसारख्या हिमसमुद्रांत मुरलेल्या नाविकानें टेहळ्यानें दुर्बीण वापरूं नये, असेंच मत दिलें. आम्हांस शॅकल्टनचें म्हणणें अधिक पटतें. प्रथम शोधावयाचें तें उघड्या डोळ्यांनीं. दुर्बीण ही सांपडलेली वस्तु ओळखण्यासाठीं. फ्लीटला मात्र तो प्रश्न आयुष्यभर पुरला असेल.

पहिल्या महायुद्धांत जर्मन कांच बंद पडतांच दोस्तांचे डोळेच मिटल्यासारखे झाले. अमेरिकन आरमारानें नागरिकांपाशीं घरोघरच्या दुर्बिणी मागितल्या. आवाहन करणारे तेव्हांचे उपसचिव फ्रँकलिन रूझवेल्ट. कायद्यानें आरमारास देणगी घेतां येईना, म्हणून प्रत्येक दुर्बिणीस एक डॉलर भाडें ठरलें! इतकी स्वस्त दुर्बीण पुढें कोणास मिळाली नाहीं.

सामान्य माणसाच्या आवाक्यांत ती आली ती दुसऱ्या युद्धानंतर. १९३५ सालीं झाइसच्या स्माकुला यानें भिंगांवर पातळ लेप देऊन परावर्तनानें वायां जाणारा प्रकाश वांचविला होता; ती विद्या युद्धानंतर सर्वत्र पसरली, आणि टोकियोच्या लहानलहान कारखान्यांनीं स्वस्त दुर्बिणींचा जगभर पूर लोटला. त्यांत खरें सोनें होतें आणि पितळही होतें. पारख फारशी अवघड नाहीं. दुर्बीण हातभर दूर धरून उजेडाकडे पाहावें: नेत्रभिंगांतील प्रकाशाचें वर्तुळ पुरें गोल असावें, कडा छाटल्यासारख्या दिसल्या तर लोलक कमी प्रतीचे समजावे. मग दूरच्या तारेकडे किंवा शिडाच्या काठीकडे पांच मिनिटें टक लावावी. डोळ्यांस ताण पडूं लागला, तर दोन नळ्यांचे अक्ष जुळलेले नाहींत. अशी दुर्बीण फुकट मिळाली तरी परत करावी. समुद्रावर न्यावयाची असेल, तर आंतली हवा काढून नायट्रोजन भरलेली व पाण्यास दाद न देणारी घ्यावी, कारण एकदां दमट वारा आंत शिरला कीं भिंगांवर बुरशी धरते, आणि ती सहसा बाहेरून पुसून जात नाहीं.