मान्सून्ड मलबार : एका दोषाचा इतिहास

भारतीय कॉफीच्या व्यापारात बियांचे नाव त्या कशा वाळवल्या यावरून ठरते. फळाचा गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका म्हणजे ‘प्लांटेशन’; तशीच धुतलेली रोबस्टा म्हणजे ‘पार्चमेंट’. आणि फळ न सोलता सालीसकट उन्हात वाळवलेली कॉफी, मग ती अरेबिका असो वा रोबस्टा, म्हणजे नुसती ‘चेरी’. वरवर ही केवळ वर्गवारी वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे प्रतिष्ठेची उतरंड आहे. गर काढणारे यंत्र आणि वाहते पाणी ज्याच्याकडे, त्याचा माल वरचा. ज्याच्याकडे खळे आणि ऊन एवढेच, त्याचा खालचा. तरीही भारताची जी कॉफी जगभर नावाने ओळखली जाते, ती ‘मान्सून्ड मलबार’ या खालच्या पायरीवरच्या चेरीपासूनच तयार होते.

कोरडी प्रक्रिया ही कॉफीची सर्वांत जुनी प्रक्रिया. येमेनमध्ये फळे अशीच वाळत, आणि सतराव्या शतकात तिथून सात बिया चिकमगळूरच्या डोंगरात आणल्याचे श्रेय परंपरा बाबा बुदन यांना देते. (बिया नेमक्या सातच का, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा नाही.) एकोणिसाव्या शतकात युरोपीय मळेवाल्यांनी म्हैसूर आणि कोडगूत मोठे मळे उभे केले. धुतलेल्या कॉफीची चव स्वच्छ, आंबटसर आणि दरवेळी सारखी, म्हणून बाजारात तिचा मान वाढत गेला.

त्या काळी मलबार किनाऱ्यावरून निघालेले शिडाचे जहाज आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून कित्येक महिन्यांनी युरोपात पोहोचे. लाकडी तळघरातल्या पोत्यांवर समुद्राची दमट हवा तेवढा काळ काम करी. हिरवट बिया फुगत, फिकट सोनेरी होत, त्यांचा आंबटपणा मावळे. काटेकोर भाषेत सांगायचे तर माल वाटेत बिघडत होता. परंतु ग्राहकाने चांगली कॉफी पाहिलीच नव्हती. त्याला हीच भारतीय कॉफी वाटे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, वाफेची जहाजे आली, प्रवास आठवड्यांवर आला आणि बिया हिरव्याच पोहोचू लागल्या. व्यापारातील परंपरागत हकिकत अशी की, उत्तर युरोपातील ग्राहक नाराज झाले. जुनी चव परत हवी असेल तर तो प्रवास किनाऱ्यावरच घडवणे भाग होते.

मंगळूरच्या गोदामांत आजही तेच चालते. जून ते सप्टेंबर या काळात, बाजूंनी उघड्या असलेल्या इमारतींत चेरी अरेबिकाचे निवडक मोठे दाणे जमिनीवर वीतभराहून कमी जाडीच्या थरात पसरतात आणि वारंवार वरखाली करतात. पुढे ते सैल पोत्यांत भरून ओळींमध्ये फटी ठेवून रचतात, म्हणजे नैर्ऋत्येचा वारा प्रत्येक पोत्याला लागतो. पोती पुन्हा पुन्हा ओतून भरतात. दाण्यातील ओलावा सुमारे ११ टक्क्यांवरून १६-१७ टक्क्यांच्या आसपास चढतो. तीन-चार महिन्यांनी दाणा आकाराने वाढतो आणि त्याची घनता घटते. अर्धवट फुगलेले दाणे नंतर हाताने निवडून काढावे लागतात. वारा फुकट आहे, मजुरी नाही.

या कॉफीला दुसरे भाग्य लाभले ते इटलीच्या यंत्रांमुळे. मिलानच्या आकिले गाजिया यांनी १९३८ मध्ये पेटंटचा अर्ज केला, आणि युद्धानंतर त्यांच्या तरफेच्या यंत्रांनी वाफेऐवजी उच्च दाबाच्या पाण्याने कॉफी काढणे रूढ केले. एस्प्रेसोत वातावरणाच्या सुमारे ९ पट दाबाखाली गरम पाणी २५-३० सेकंदांत बारीक पुडीतून जाते. अर्क इतका दाट की गाळलेल्या कॉफीत सुखद वाटणारा आंबटसरपणा इथे जिभेला बोचतो. भाजताना दाण्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड दाबाखाली पाण्यात विरघळतो आणि पेल्यात येताच बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. तोच तो तपकिरी फेस, क्रेमा. आता मागणी होती कमी आम्लाची, जिभेवरच्या भरीवपणाची आणि टिकाऊ फेसाची. चेरी कॉफी, विशेषतः रोबस्टा, नेमके हेच देते. इटली आज भारतीय कॉफीचा सर्वांत मोठा ग्राहक आहे, तो उगाच नव्हे.

सालीत वाळलेल्या दाण्याची चव वेगळी का, याचे ‘गराची साखर आत मुरते’ हे उत्तर सर्रास दिले जाते. ते आकर्षक आहे, पण अपुरे आहे. जर्मनीत डिर्क झेल्मार यांच्या गटाने दाखवले की वाळत असलेली बी जिवंत असते. गर काढताच तिच्यात अंकुरणाची जुळवाजुळव सुरू होते. ती आपल्या साठ्यातील ग्लुकोज आणि फ्रुक्टोज खर्च करते. फळात बंद असलेल्या बीमध्ये हे मंदपणे आणि उशिरा घडते, म्हणून या साध्या साखरा तिच्यात अधिक उरतात. शिवाय हळूहळू पाणी गमावताना तिला दुष्काळासारखा ताण सोसावा लागतो आणि त्यातून गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल साचते. म्हणजे खळ्यावरचे ते दोन आठवडे हा नुसता वाळवणीचा काळ नव्हे, बीच्या आयुष्यातला शेवटचा चयापचय आहे.

तेच दोन आठवडे आता अवघड होत आहेत. पश्चिम घाटात तोडणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला की खळ्यावरचे फळ आंबते. बुरशी चढली तर ऑक्राटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते. युरोपीय संघाने भाजलेल्या कॉफीतील त्याची मर्यादा २०२३ पासून किलोमागे ५ वरून ३ मायक्रोग्रॅमवर आणली. पाऊस नको असताना चेरी कोरडी ठेवायची आणि मग जूनमध्ये तीच मुद्दाम दमट वाऱ्यात पसरायची, असा हा उलटसुलट धंदा आहे. मान्सून्ड मलबारला २००७-०८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो या किनाऱ्याच्या हवेशी बांधलेला आहे. यंत्राच्या दमट खोलीत फुगवलेला दाणा दिसायला तसाच असला, तरी त्याला ते नाव लावता येत नाही.