कांगारू मदर केअर

कांगारू मदर केअर ही अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या नवजात बालकाला आईच्या अथवा कुटुंबातील अन्य व्यक्तीच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल अशा रीतीने, दीर्घकाळ धरून ठेवण्याची संगोपनपद्धती आहे. गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले बालक अपुऱ्या दिवसांचे, तर २,५०० ग्रॅमपेक्षा कमी जन्मवजनाचे बालक कमी वजनाचे मानले जाते. कांगारूची मादी आपले अपरिपक्व पिल्लू पोटावरील पिशवीत वाढवते, त्यावरून हे नाव पडले.

इतिहास

कोलंबियाची राजधानी बोगोता येथील एका सार्वजनिक प्रसूती रुग्णालयात एदगार रेय सानाब्रिया यांनी १९७८ मध्ये या पद्धतीचा प्रारंभ केला. पुढे एक्तोर मार्तिनेस यांनी त्यांना साथ दिली. रुग्णालयात इनक्युबेटर, म्हणजे नवजात बालकांसाठीच्या काचेच्या पेट्या, अपुऱ्या होत्या. एकाच पेटीत अनेक बालके ठेवावी लागत व जंतुसंसर्ग पसरत असे. आईपासून दीर्घकाळ दूर ठेवलेली काही बालके रुग्णालयातच सोडून दिली जात. टंचाईवरील उपाय म्हणून सुरू झालेली ही पद्धत पुढे पुरेशी साधने असलेल्या देशांनीही स्वीकारली.

पद्धती

बालकाला केवळ लंगोट, टोपी व पायमोजे घालून आईच्या दोन्ही स्तनांमध्ये उभे ठेवतात. श्वासमार्ग मोकळा राहावा म्हणून त्याची मान किंचित वर उचललेली व चेहरा एका बाजूस वळवलेला असतो. हातपाय बेडकाप्रमाणे दुमडून बाळाला कापडाने आईच्या अंगाशी बांधतात. आईच्या शरीराच्या उष्णतेने बालकाचे तापमान टिकून राहते. आहार शक्यतो केवळ आईच्या दुधाचा असतो. बालकाला चोखता येत नसल्यास काढलेले दूध वाटी-चमच्याने किंवा नळीद्वारे दिले जाते. आई विश्रांती घेत असताना वडील, आजी किंवा अन्य नातेवाईकही बाळाला छातीशी धरू शकतात.

परिणाम

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारत, घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया येथे झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. १ ते १.८ किलोग्रॅम वजनाच्या बालकांमध्ये, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच त्वचास्पर्श सुरू केल्याने, पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी घटले. त्यानंतर २०२२ मध्ये संघटनेने अशा बालकांसाठी जन्मापासूनच दररोज ८ ते २४ तास या पद्धतीची शिफारस केली. मात्र स्वतः श्वास घेऊ न शकणाऱ्या किंवा अत्यवस्थ बालकांना आधी वैद्यकीय उपचार आवश्यक असतात.

भारतात

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये या पद्धतीसंबंधी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. भारतातील चाचणी दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात झाली. जन्मानंतर लगेच त्वचास्पर्श देण्यासाठी आईची खाट नवजात अतिदक्षता कक्षातच असावी लागते. पूर्वी संसर्गाच्या भीतीने आईला अशा कक्षाबाहेर ठेवण्याची प्रथा होती. त्यामुळे या पद्धतीचा प्रसार कक्षांची रचना, प्रवेशाचे नियम आणि आईच्या प्रसूतीपश्चात देखभालीची सोय यांवर अवलंबून आहे.