ग्रेच्चोची गव्हाण आणि घरचा नाताळ

‘नाताळ’ हा शब्द मराठीत आला तो पोर्तुगीजांच्या मुखातून. इटलीतील ‘नाताले’ आणि वसईचा ‘नाताळ’ ही एकाच लॅटिन मातेची लेकरे होत. दोहोंच्या मुळाशी जन्म हाच अर्थ आहे. वसई, गोवा किंवा इंदूर येथील ख्रिस्ती घरांत या दिवसांत जो गोठा मांडला जातो, त्याचे कूळही इटलीतच सापडते.

इ. स. १२२३ च्या नाताळात असिसीचा संत फ्रान्सिस मध्य इटलीतील ग्रेच्चो या डोंगरी खेड्यात होता. उपासना त्या काळी लॅटिनमध्ये होई आणि सामान्य शेतकऱ्याला तिचे शब्द अगम्य असत. बेथलेहेमच्या बालकाचे दारिद्र्य लोकांना डोळ्यांनी दिसावे, म्हणून फ्रान्सिसने जोव्हान्नी नामक एका सरदाराच्या साहाय्याने तेथे गव्हाण मांडविली, तीत गवत पसरविले आणि शेजारी बैल व गाढव आणविले. आसपासचे लोक हातात मशाली घेऊन जमले. ती गव्हाण त्यांना परकी वाटण्याचे कारण नव्हते; तसलीच त्यांच्या स्वतःच्या गोठ्यात होती. इंदूरचे कॅथोलिक कॅथीड्रल ज्याच्या नावाने ओळखले जाते, तोच हा फ्रान्सिस.

पुढे हा देखावा देवळातून राजवाड्यात गेला. अठराव्या शतकात नेपल्सचा राजा चार्ल्स याला त्याचा मोठा षोक होता. मातीची मुखे, काचेचे डोळे आणि रेशमी वस्त्रे अशा बाहुल्या कारागीर घडवीत, आणि सरदार मंडळींत त्यांची चढाओढ लागे. परंतु नवल असे की, त्या बालकाभोवती नेपल्सचा सारा बाजारच अवतरे. कोळीण, खाटीक, भाजीवाला, खाणावळवाला, कोणीही वगळला जात नसे. मराठी मुलांच्या दिवाळीतील किल्ल्यावर शिवाजीमहाराजांच्या आसनाखाली मावळ्यांबरोबर गवळण आणि वाणी उभे असतात, तसाच हा प्रकार होय.

घरगुती गोठ्यात हे साम्य अधिकच जाणवते. इटलीत पुष्कळ कुटुंबे ८ डिसेंबरला, मरियेच्या सणादिवशी, गोठा मांडावयास घेतात. आपली मुले किल्ल्यावर अळीव पेरतात, तर तिकडची मुले हिरवळीसाठी शेवाळ पसरतात. गव्हाण मात्र रिकामीच राहते. बाळाची मूर्ती २४ तारखेच्या रात्री तीत ठेवावयाची. कित्येक घरांत तीन राजांच्या मूर्ती रोज थोड्या पुढे सरकवितात आणि ६ जानेवारीला त्या गोठ्यापाशी पोहोचतात. मुलांच्या हाती अशा रीतीने प्रतीक्षा येते.

‘नाताळ आपल्या माणसांत, ईस्टर हवे त्याच्यासंगे’ अशा अर्थाची एक म्हणच इटलीत आहे. २४ च्या रात्री मांस वर्ज्य असते. म्हणून नेपल्सकडे वाम मासा शिजतो. दुसऱ्या दिवशी बोलोन्यात सारण भरलेले चिमुकले तोर्तेल्लिनी रश्शात वाढतात. मिलानमध्ये पानेत्तोने या गोड पावाचा एक तुकडा ३ फेब्रुवारीपर्यंत, संत ब्लेझच्या सणासाठी, जपून ठेवण्याची रीत आहे. ५ जानेवारीच्या रात्री झाडूवर बसून येणारी बेफाना म्हातारी मुलांच्या मोज्यांत खाऊ घालते; व्रात्य मुलांच्या वाट्याला कोळसा येतो.

कामाचे दिवस वाढावेत म्हणून १९७७ मध्ये इटलीच्या सरकारने ६ जानेवारीची सुटी रद्द केली. तरी मुलांनी मोजे टांगणे सोडले नाही, आणि १९८५ च्या अखेरीस सरकारला ती सुटी परत द्यावी लागली. कायद्याने काढून घेतलेला दिवस घरांनी राखला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता गोठा बाजारात तयार मिळतो, दिव्यांसकट. तो आणणे सोपे असते. परंतु त्यात शेवाळ लावावयाचे राहत नाही, राजांना पुढे सरकविणारा हातही लागत नाही. ग्रेच्चोत फ्रान्सिसने विकतचे काही आणले नव्हते. बैल गावचा होता आणि गवतही गावचेच होते. माती कालवणारी मुले ज्या घरात आहेत, त्या घरी नाताळ पुढील पिढीस शिकवावा लागत नाही.