पलटण, न्यायालय आणि सभागृह

कोकणात शिपायांचा तुटवडा कधी नव्हता आणि वकिलांचाही नव्हता. मालवण, देवगड, वेंगुर्ले, सावंतवाडी या बाजूच्या मोठ्या गावांत पेन्शनीत निघालेल्या सुभेदाराचे किंवा हवालदाराचे घर विचारावे, कोणीही बोट दाखवील. भाऊबंदकीच्या आणि कूळ-खोतांच्या दाव्यांनी वकिलांनाही येथे कधी रिकामे बसू दिले नाही. वकिलीतून कायदेमंडळात जाण्याची वाटही आपल्या ओळखीची आहे. वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै १९५७ साली राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेले आणि १९७१ मध्ये निधन होईपर्यंत तेथे त्यांचा आवाज घुमत राहिला. परंतु शिपाई, वकील आणि सभासद ही तिन्ही नाती एकाच आयुष्यात जुळून आली आहेत, असे उदाहरण विचारले तर आपण क्षणभर थांबतो.

अमेरिकेत ही वाट रुळलेली आहे. डॅनियल इनोये हे तिचे एक प्रसिद्ध उदाहरण. हवाई बेटांवर जपानी वंशाच्या कुटुंबात १९२४ साली त्यांचा जन्म झाला. १९४१ च्या डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर जपानी वंशाच्या अमेरिकन तरुणांना सैन्याची दारे बंद झाली. त्यांनी सेवेचा हक्क मागितला आणि १९४३ मध्ये त्यांची स्वतंत्र रेजिमेंट उभी राहिली. इनोये तीत दाखल झाले. १९४५ च्या एप्रिलात इटलीच्या रणांगणावर त्यांनी उजवा हात गमावला. परत आल्यावर ते कायदा शिकले, आणि १९६३ पासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सिनेटमध्ये, म्हणजे त्या देशाच्या वरिष्ठ सभागृहात, बसत होते. ज्यांना बंदूक धरण्यासही नालायक ठरविले होते, त्यांच्यातला एक जण देशाचे कायदे करू लागला. या कथेतील मर्म लढाईपेक्षा त्या बंद झालेल्या दारात आहे.

तसेच एक दार आमच्या कोकणातही बंद झाले होते. त्याच्या उंबरठ्यावर वाढलेला मुलगा पुढे बॅरिस्टर झाला आणि अखेर राज्यसभेचा सभासद म्हणून वारला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्राकडे आज आम्ही या एकाच बाजूने पाहणार आहोत.

मुंबई इलाख्याच्या लष्कराला रत्नागिरी जिल्हा आणि सावंतवाडी संस्थान यांनी मोठ्या संख्येने माणसे पुरविली. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ च्या मे महिन्यात वेगळा झाला. त्यापूर्वीचा रत्नागिरी जिल्हा मंडणगडापासून थेट मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेला होता. या सगळ्या पट्ट्यातून मराठे, भंडारी यांच्याप्रमाणेच महार समाजाचेही शेकडो तरुण पलटणीत गेले. गावात ज्याची सावली टाळली जाई, त्याच्या अंगावर सरकारी गणवेश चढला. परंतु गणवेशापेक्षा मोठी गोष्ट त्याला मिळाली ती शाळा. कंपनी सरकारच्या फौजेत शिपायांच्या मुलांनाच नव्हे तर मुलींनाही शिकविण्याची सक्ती होती. गावच्या शाळेत ज्यांना ओसरीवरही जागा नव्हती, त्यांच्या घरांत पलटणीमुळे पाटी-पुस्तक आले.

मंडणगडाजवळच्या आंबडवे गावचे सकपाळ घराणे याच वर्गातले. मालोजी सकपाळ फौजेत होते. त्यांचे पुत्र रामजी हेही फौजेत गेले. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कुलात शिकून ते शिक्षक झाले, सुभेदार झाले आणि महू येथील लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. महूच्याच छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. पुढे १८९४ च्या सुमारास सुभेदार पेन्शन घेऊन दापोलीस येऊन राहिले. तेव्हाची दापोली ही अशा पेन्शनरांची वसाहतच होती.

याच दापोलीत गोपाळबाबा वलंगकर राहत. महाडजवळच्या रावढूळ गावचा हा गृहस्थ १८८६ साली फौजेतून निवृत्त झाला आणि उरलेले आयुष्य त्याने अस्पृश्यतेविरुद्ध लिहिण्यात घालविले. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' प्रसिद्ध केले. पलटणीतला पेन्शनर लेखणी हातात घेतो, ही आपल्या कथेतली पहिली पायरी आहे.

ही पायरी चढली जात असतानाच खालचा जिना काढून घेण्यात आला. १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची सैन्यभरती थांबविली. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असा भेद त्या काळच्या इंग्रज सेनापतींच्या डोक्यात शिरला होता. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरली होती, त्यांच्या नातवांना बिनलढाऊ ठरविण्यात आले. या हुकुमाचा परिणाम किती खोल गेला असेल, याची कल्पना करून पाहावी. पगार गेला, पेन्शन गेले, हे तर झालेच. पण पलटणीची शाळाही गेली. एका पिढीत मिळालेली अक्षरओळख दुसऱ्या पिढीत पुसली जाण्याची वेळ आली.

पेन्शनरांनी मग एकच गोष्ट केली. त्यांनी अर्ज लिहिले. वलंगकरांनी १८९४ साली लष्करप्रमुखाकडे दाद मागण्यासाठी विनंतीपत्र तयार केले. रामजी सुभेदारांनी या कामी न्यायमूर्ती रानड्यांची गाठ घेतल्याचे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. कीर हे आपल्या रत्नागिरीचेच. या अर्जांनी भरती सुरू झाली नाही. तरीही आम्हांला त्यांचे मोल फार वाटते. बंदूक हातातून गेल्यावर या माणसांनी कागद हातात घेतला आणि आपले मागणे दयेचे नसून हक्काचे आहे, असे त्यात मांडले. हक्काची भाषा आली की पाठोपाठ वकील लागतोच. तो वकील त्या वेळी दापोलीत लहान मूल होता.

भीमराव स्वतः शिपाई होते काय? असा प्रश्न विचारला जाईल, आणि त्याचे उत्तर नेमके दिले पाहिजे. कीरांच्या म्हणण्याप्रमाणे १९१३ च्या जानेवारीत, बी. ए. झाल्यावर, ते बडोदे संस्थानच्या फौजेत लेफ्टनंट म्हणून रुजू झाले. ही नोकरी जेमतेम पंधरवडा टिकली. वडील अत्यवस्थ असल्याची तार आली, ते मुंबईस धावले आणि २ फेब्रुवारीस सुभेदार वारले. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळून ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली कराराप्रमाणे ते पुन्हा बडोद्यास आले, तेव्हा महाराजांचे लष्करी सचिव म्हणून त्यांची नेमणूक झाल्याचे कीर नमूद करतात. हुद्दा मोठा होता, पण कचेरीतले शिपाई कागद दुरून टाकीत आणि शहरात राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना बडोदे सोडावे लागले. त्यांचे लष्करी जीवन असे अल्पकाळचे. त्यांनी रणांगण पाहिले नाही, आणि पाहिले असे म्हणणे त्यांच्या कीर्तीला आवश्यकही नाही. बडोद्याने त्यांना एक धडा मात्र दिला: नुसत्या हुद्द्याने माणसाला समाजात जागा मिळत नाही, ती जागा कायद्याने मिळवून द्यावी लागते.

लंडनच्या ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली मुंबईत त्यांनी वकिली सुरू केली. सॉलिसिटरांकडून कामे येत नसत. गरीब पक्षकार मात्र दूरदूरून येत. त्यांच्या वकिलीतला सर्वांत मोठा दावा कोकणातलाच आहे, आणि त्यात ते स्वतःच पहिले प्रतिवादी होते.

तो दावा महाडच्या चवदार तळ्याचा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर करून घेतला होता. महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पाण्यापर्यंत मात्र कोणी जाऊ शकत नव्हते. १९२७ च्या मार्चमध्ये महाडास परिषद भरली. अध्यक्षीय भाषणात आंबेडकरांनी लष्करभरती बंद झाल्याने समाजाची कशी पीछेहाट झाली ते सांगितले आणि दापोलीच्या पेन्शनरांचे दिवस आठवले. २० मार्चला हजारो लोक रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मागून त्यांच्यावर मारहाण झाली, तेव्हा उलट हात न उचलण्याचा संयम त्यांनी नेत्याच्या सांगण्यावरून पाळला.

डिसेंबरात सत्याग्रह ठरला. तेव्हा विरोधकांनी दिवाणी कोर्टातून मनाईहुकूम मिळविला. मंडपात हजारो माणसे जिवावर उदार होऊन बसली होती, आणि समोर कोर्टाचा कागद होता. शिपायाचा मार्ग पुढे जाण्याचा, वकिलाचा मार्ग थांबण्याचा. आंबेडकरांनी वकिलाचा मार्ग धरला. तळ्यावर न जाता मिरवणूक काढण्याचे ठरले आणि दावा लढविण्यात आला. हा दावा दहा वर्षे चालला. १९३१ साली महाडच्या कोर्टात निकाल अनुकूल लागला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही.

पाण्याच्या एका ओंजळीला दहा वर्षे लागली. आम्हांला वाटते, सभागृहाकडे वळण्याचे कारण येथेच आहे. वकील फार तर असलेल्या कायद्याचा अर्थ लावून घेऊ शकतो. कायदाच अपुरा असेल तर तो करणाऱ्यांच्या पंगतीत बसावे लागते. १९२७ पासून मुंबई कौन्सिलात ते नियुक्त सभासद होतेच. १९३७ साली ते निवडून आले आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते विधेयक मंजूर झाले नाही; परंतु १९४९ च्या कायद्याने खोती गेली, तेव्हा कोकणच्या कुळांना त्याची आठवण झाल्यावाचून राहिली नसेल.

पलटणीचे बंद दारही याच काळात उघडले. १९४१ च्या ऑक्टोबरात, आंबोलीचा घाट चढून गेले की लागणाऱ्या बेळगावात, महार रेजिमेंट उभी राहिली. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या संरक्षणविषयक मंडळावर आंबेडकरांनी भरतीची बाजू मांडली होती. सुभेदारांच्या अर्जाला मुलाच्या हातून, जवळजवळ पन्नास वर्षांनी, उत्तर मिळाले.

घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद, कायदेमंत्रिपद, १९५१ चा राजीनामा ही हकिगत सर्वश्रुत आहे. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून ते नारायण काजरोळकर यांच्याकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी पडले. ज्याने मतदानाचा हक्क घटनेत लिहिला, त्याला त्याच हक्काने पाडले. तो निकाल त्यांच्या चाहत्यांना जिव्हारी लागला. पण लोकशाहीत अशा निकालापुढे मान तुकवावीच लागते. त्याच वर्षी मुंबई राज्याच्या आमदारांनी त्यांना वरिष्ठ सभागृहात निवडून दिले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते पडले. राज्यसभेची जागा मात्र शेवटपर्यंत राहिली.

ही जागा पराभवाने दिलेली होती, म्हणून ती लहान मानण्याची चूक करू नये. १९५४ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांविषयीचे विधेयक राज्यसभेत आले, तेव्हा त्यांनी त्याच्या नावालाच हरकत घेतली. हा प्रश्न नागरी हक्कांच्या संरक्षणाचा आहे आणि कायद्याचे नावही तसेच असावे, असे त्यांचे म्हणणे होते. महाडच्या तळ्यावर जे मागितले होते, तेच त्यांनी वरिष्ठ सभागृहात मागितले. त्यांचे ऐकले गेले नाही. १९५५ चा कायदा जुन्याच नावाने झाला. पुढे १९७६ साली दुरुस्ती होऊन त्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले. तोवर सुचविणारा जाऊन वीस वर्षे झाली होती.

६ डिसेंबर १९५६ रोजी ते वारले, तेव्हा ते राज्यसभेचे सभासदच होते. पलटण, न्यायालय आणि सभागृह यांना जोडणारा धागा कोणता, असे विचारले तर आम्ही म्हणू, दापोलीच्या पेन्शनरांनी लिहिलेला तो अर्ज. वलंगकर आणि रामजी सुभेदार यांची पिढी हरली, परंतु मागणे लिहून ठेवण्याची सवय ती मागे ठेवून गेली. तीच सवय मुलाने कोर्टात नेली आणि कोर्टातून सभागृहात.

आजही आपल्या किनाऱ्यावरची मुले सैन्यात आणि नौदलात जातात, आणि २०२२ पूर्वी भरती झालेले पंधरा-वीस वर्षांनी, ऐन उमेदीत, पेन्शन घेऊन गावी परततात. त्यांच्या ठायी शिस्त असते, बाहेरचे जग पाहिलेले असते, घराला स्थैर्य आलेले असते. या भांडवलाचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक गावापुढे आहे. दापोलीच्या पेन्शनरांनी ते मुलांच्या शिक्षणात आणि गावच्या न्यायात घातले. ज्या गावात पेन्शनीत आलेला शिपाई ग्रामसभेत उभा राहून कायद्याचे कलम विचारू लागतो, त्या गावाने बाबासाहेबांच्या वाटेवर पहिले पाऊल टाकले, असे समजावयास हरकत नाही.