जळू

जळू (स्त्रीलिंगी, अनेकवचन जळवा) : वलयी संघातील, दोन्ही टोकांस चूषक असलेला एक रक्तपायी प्राणी, आणि लक्षणेने, आश्रयदात्याचे सत्त्व हळूहळू शोषणारा व सोडवू म्हणता न सुटणारा मनुष्य, मग तो चक्रवाढीचा सावकार असो की मुक्कामास आलेला दूरचा आप्त.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील १३ व्या अध्यायात, जल हेच आयुष्य म्हणून जलायुका आणि जल हेच घर म्हणून जलौका, अशी या नावाची फोड केलेली आहे; परंतु संस्कृतातील ‘जलूका’ हे रूप फारसीतील ‘जालू’शी इतके जुळते की मूळ शब्द या दोहोंच्या फारकतीपूर्वीचा असावा आणि जलाशी त्याची सांगड मागाहून घातली गेली असावी, हेच अधिक संभवनीय दिसते. कोल्हापूर जिल्ह्याचा पश्चिम मुलूख पाहिला तर ती फोड अपुरीही वाटते. दाजीपूर, गगनबावडा, आंबा घाट येथील रानात पावसाळ्यात पालापाचोळ्यातून मान उंचावून गुराढोरांची नि वाटसरूंची चाहूल घेणारी जळू पाण्यात राहतच नाही, तिला केवळ ओल पुरते. आणि तिच्यावर मीठ, चुना वा तंबाखू (तंबाखूची पेठ असलेली निपाणी जवळच असल्याने ती दुर्मिळ नव्हे) हाच तोडगा चालतो.

‘जळवा लावणे’ हा वाक्प्रयोग रक्तमोक्षणाच्या चिकित्सेतून आला. सुश्रुताने जळवांच्या १२ जाती सांगून त्यांतील ६ सविष ठरविल्या, आणि राजे, बालके, वृद्ध, भित्रे व सुकुमार यांच्यासाठी रक्त काढण्याचा हाच सर्वांत सौम्य उपाय मानला. दंशाच्या जागी टोचणी व कंड जाणवू लागली, म्हणजे आता शुद्ध रक्त जात आहे असे समजून, मीठ टाकून तिला सोडवावे, आणि नंतर प्यालेले रक्त ओकवून तिला पुन्हा घटात ठेवावे, इतका बारीक तपशील तेथे आहे; रुग्णाइतकीच जळूचीही काळजी वाहणारे हे प्रकरण मुळातून वाचण्याजोगे आहे.

इंग्रजीत जळूवाचक शब्दाचा एक जुना अर्थ ‘वैद्य’ असाच होता. जळूच्या मुखस्रावात रक्त गोठू न देणारे द्रव्य असल्याचे हेक्राफ्ट या शास्त्रज्ञाने १८८४ साली दाखविले. ते पुढे ‘हिरुडिन’ या नावाने प्रसिद्ध झाले. तुटलेले बोट वा कान पुन्हा जोडताना साचणारे रक्त काढण्यासाठी शल्यविशारद आजही जळवा लावतात; अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ साली त्यांना वैद्यकीय उपकरण म्हणून मंजुरी दिली.