मोटारीचा रंग कोणी निवडावा?

गेल्या पोळ्याच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या संघटनेचे एक जुने सभासद सहकुटुंब आमच्या घरी आले. पाचोऱ्याच्या गॅरेजांतून मोटारींना रंग मारण्यात ह्या गृहस्थांची पस्तीस वर्षे गेली. गावात सारे त्यांना नाना म्हणतात. बरोबर मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात. मुलगा पुण्यास नोकरीला आहे. त्याने मोटार घ्यायचे ठरविले होते : घरची पाच माणसे सामानासकट मावतील अशी, पण पळायलाही तेज. मोटार ठरली, किंमत ठरली, बँकेचे कर्जही ठरले. रंग मात्र ठरेना. मुलाला चकाकता निळा हवा, सुनेला लाल, नातीला पिवळा, आणि नानांचा हट्ट साध्या पांढऱ्याचा. मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही इतक्या तडजोडी घडवल्या, एवढी एक घडवून द्या."

मालक आणि कामगार ह्यांच्यात तडजोड घडविण्यात आमचे आयुष्य गेले. पण ह्या खटल्यात आमची मती चालेना. आम्ही चार दिवसांची मुदत मागून घेतली आणि वाचनालयाची वाट धरली. शाळा लवकर सुटल्यामुळे अडचण आली की पुस्तकाकडे जावे, ही आमची जुनी खोड आहे. त्या चार दिवसांत जे हाती लागले, तेच आज आपल्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट ही, की वाहनाला रंग निवडण्याची हौस मोटारीबरोबर आलेली नाही. आपल्या खानदेशात ज्याच्या दारी दमणी होती, त्याच्या घरी हा वाद दर पोळ्याला होत असे. दमणी हे घरच्या माणसांचे वाहन. लग्नाला, जत्रेला जायचे ते तिच्यातून. पण जोडी पाणीदार असली की तीच दमणी वाटेत दुसऱ्याच्या दमणीला मागे टाकायलाही कमी करीत नसे. त्या बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावायचा की निळा रंग, ह्यावर घरातली पोरे भांडत. ज्याच्या घरी पैसा कमी, त्याचे बैल गेरूवर भागवीत. हौस सर्वांना सारखी. निवड मात्र ऐपतीप्रमाणे.

पुढे मोटार आली. सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीच्याच रीतीने रंग लावीत. तेलाचा रंग आणि व्हार्निश ह्यांचे थरावर थर कुंचल्याने द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, घासायचा आणि पुन्हा पुढचा थर. एका गाडीला त्यासाठी कित्येक आठवडे लागत. रंग पाहिजे तो मिळे, परंतु तो श्रीमंतालाच.

हेन्री फोर्डने १९०८ साली आपली मॉडेल टी ही मोटार बाजारात आणली. ती काळ्याच रंगात मिळे असे सर्वत्र सांगितले जाते. पण आरंभीची काही वर्षे ती करड्या, लाल, हिरव्या, निळ्या रंगांत मिळत होती. काळ्याचे एकछत्री राज्य झाले ते १९१४ ते १९२५ ह्या काळात. ह्याचे कारण फोर्डची आवड नव्हे. मोटार जोडण्यास पूर्वी साडेबारा तास लागत, ते सरकत्या पट्ट्यामुळे १९१४ साली दीड तासावर आले. मोटार दीड तासात जोडून तयार आणि रंग वाळायला आठवडे, हे गणित बसणार कसे? भट्टीत झटपट वाळणारा, स्वस्त आणि टिकाऊ असा रंग काळाच होता. म्हणजे गिऱ्हाईकाचा रंग पट्ट्याच्या वेगाने ठरविला. त्याच १९१४ च्या जानेवारीत फोर्डने दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली, ही गोष्ट कामगारांच्या इतिहासात गाजलेली आहे. पण त्या पाच डॉलरांसाठी कामगाराच्या घरात शिरून तो कसा राहतो हे पाहणारे तपासनीसही फोर्डने नेमले होते. मोटारीला एक रंग आणि माणसालाही एकच साचा, असा तो हिशेब होता.

हे राज्य मोडले ते एका डब्यातील रसायनाने. अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा एक नवा रंग काढला आणि त्याचे नाव ठेवले ड्युको. तो फवाऱ्याने मारता येई आणि आठवड्यांऐवजी तासांत वाळे. १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड मोटारी ह्या रंगाने निळ्या होऊन बाहेर पडल्या. १९२७ मध्ये ह्याच कंपनीने मोटारीचे रूप आणि रंग ठरविण्यासाठी वेगळे खातेच उघडले. काळ्याला चिकटून बसलेल्या फोर्डलाही पुन्हा रंगाच्या डब्यांकडे वळावे लागले. शंभर वर्षे लोटली. तरी आपल्याकडील कारागीर आजही फवाऱ्याच्या रंगकामाला "ड्युको मारणे" म्हणतो. हा शब्द कोठून आला ते त्याला ठाऊक नसते. शब्द मात्र साता समुद्रांपलीकडून त्याच्या तोंडी येऊन बसला आहे.

आता नानांच्या मुलाला आणि सुनेला निळ्या आणि लाल रंगांत वेग दिसतो तो का? त्याचेही मूळ इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात देशादेशांत मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या, तेव्हा लांबून ओळखू यावी म्हणून प्रत्येक देशाच्या मोटारीला ठराविक रंग मिळाला. फ्रान्सला निळा, इटलीला लाल, इंग्लंडला हिरवा. जर्मनीला आधी पांढरा, पुढे रुपेरी. पाहता पाहता त्या रंगांना वेगाचा वास लागला. आज बाजारात जाणाऱ्या बाईला शर्यतीशी कर्तव्य नसते, तरी लाल मोटार पाहिली की तिला ती उभ्याउभ्या धावते आहे असे वाटते, त्याचे बीज हे आहे.

आपल्या महाराष्ट्राकडे यावे. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट मोटारी बाहेर पडू लागल्या. १९७४ पासून तिचेच नाव पद्मिनी झाले. ते दिवस परवान्यांचे होते. मोटार नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. इतके थांबल्यावर ज्या रंगाची गाडी पुढे येई, ती मुकाट्याने घरी आणून तिला हार घालीत. निवड ही चैन होती, आणि चैनीला तेव्हा रांगेत जागा नव्हती.

ज्यांनी ती मोटार पोटासाठी चालविली, त्यांना तर निवड कधीच नव्हती. मुंबईच्या टॅक्सीला वर पिवळा आणि खाली काळा रंग असावा, हे सरकारने ठरविले. पिवळा लांबून दिसतो आणि काळ्यावर डाग दिसत नाहीत, असे त्याचे कारण सांगतात. कारण योग्य असेल; पण डाग लपविण्याचा विचार झाला, त्या पत्र्याखाली मुंबईच्या उन्हात दिवसभर बसणाऱ्या चालकाचा झाला की नाही, हा प्रश्न आमच्यासारख्याच्या मनात येतोच. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये तो अध्याय मिटला. लोक हळहळले. तोवर तो सक्तीचा रंग त्यांच्या प्रेमाचा झाला होता.

परवान्यांचे दिवस गेल्यावर चित्र पालटले. आपल्या शेजारच्या तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्रा येथे, झेकोस्लोव्हाकियाच्या जुन्या भूमीतील स्कोडा कंपनीचा कारखाना २००१ साली सुरू झाला. हिची ऑक्टेव्हिया म्हणजे घरच्या माणसांची मोटार. पण २००४ साली तिचेच आरएस ह्या नावाचे दीडशे अश्वशक्तीचे तेज रूप भारतात आले. आरएस म्हणजे रॅली स्पोर्ट, अर्थात शर्यतीचे नाव घरच्या मोटारीला. २०१७ मध्ये तीच २३० अश्वशक्तीची होऊन आली, तेव्हा तिच्या निळ्या रंगाचे नावच शर्यतीवरून ठेवले होते आणि लाल रंगाचे नाव होते कोरिडा. कोरिडा म्हणजे स्पेनमधली बैलांची झुंज! दमणीच्या बैलाची हौस अशी जगाला वळसा घालून मोटारीच्या रूपाने आपल्या शेजारी उतरली, हे वाचून आम्हांला हसू आले. आणि एवढे रंग पुढे असूनही आपल्या देशात सर्वांत अधिक खपते ती पांढरीच मोटार. ती उन्हात कमी तापते, अंधारात दिसते, विकताना भाव टिकतो. खानदेशचा वैशाख ज्याने सोसला आहे, तो ह्या निवडीला हसणार नाही.

इथवर आम्हांला वाटले, की नानांचा पांढऱ्याचा हट्टही उन्हासाठीच असावा. चौथ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि सरळ विचारले. नाना थोडे थांबून बोलले. बोलताना त्यांना थांबावेच लागते. "भाऊ, गाडी आज ना उद्या कोठेतरी घासणारच. साधा पांढरा असला तर एक दार मारून भागते. चकाकता निळा असला की त्याची झाक जुळत नाही. मग शेजारचे पत्रेही मारावे लागतात. तेवढा धूर कोणाच्या तरी पोराच्या छातीत जास्त जातो."

मित्रहो, त्या एका वाक्यापुढे आमचे चार दिवसांचे वाचन फिके पडले.

कारण हा धूर काय आहे हे नाना स्वतःच्या छातीवरून जाणतात. हल्लीच्या टिकाऊ रंगात आणि वरच्या लॅकरमध्ये जो हार्डनर मिसळतात, त्यात आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. १९८४ साली भोपाळमध्ये ज्या विषारी वायूने हजारो माणसे मारली, तो ह्याच गणगोतातला. रंगातली द्रव्ये त्याहून निराळी, परंतु ती श्वासावाटे जात राहिली तर धडधाकट माणसाला दम्याचा विकार जडतो, हे वैद्यकाने सिद्ध केलेले आहे. एकदा तो जडला की पुढे थोडासा फवाराही सोसत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ह्या वाफेपुढे काहीच कामाचा नाही. नळीवाटे बाहेरची स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा लागतो. मोठ्या कारखान्यांतून आता यंत्राचे हात फवारणी करतात आणि माणूस काचेपलीकडे उभा असतो. नानांच्या गॅरेजात यंत्राचा हात नव्हता, मुखवटाही नव्हता. मालकाला आम्ही दोनदा विनविले. त्याने दोन्ही वेळा रुमालच दाखविला. त्या मालकाचे नाव घेऊन आज उपयोग नाही. तो एकटा नव्हता आणि नाही.

रंगाऱ्याचा हा प्रश्न नवा नाही. पांढऱ्या रंगात शिसे असे, आणि त्याने रंगारी झिजून मरत. म्हणून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९२१ साली, म्हणजे स्थापनेनंतर दोनच वर्षांनी, शिशाच्या पांढऱ्या रंगासंबंधी करार केला. घरांच्या आतील कामात त्याला मनाई केली आणि अठरा वर्षांखालील मुलांना त्या कामापासून दूर ठेवले. आपल्याकडे १९४८ चा कारखाने कायदा झाला. भोपाळनंतर १९८७ साली त्यात दुरुस्ती होऊन, आपण कशात काम करतो हे जाणून घेण्याचा हक्क कामगाराला मिळाला. पण यंत्रशक्ती असली तरी दहा माणसे असल्याखेरीज तो कायदा दारात येत नसे, आणि गॅरेजात असतात तिघे किंवा चौघे. दहाव्या माणसाची छाती कायद्याने ओळखली. चौथ्याची ओळखली नाही.

आता तडजोडीचे काय झाले ते सांगतो. आम्ही नानांना म्हणालो, "नाना, तुमची कळवळ खरी, पण तोडगा चुकीचा. कामगाराला धोका आहे म्हणून जगाने रंग सोडायचा, तर उद्या खाणीत धोका म्हणून दिवा सोडावा लागेल. रंग सोडायचा नाही, मुखवटा मागायचा." नाना बराच वेळ गप्प राहिले. मग नातीकडे पाहून म्हणाले, "घ्या निळा. पण गाडी दुरुस्तीला टाकाल तिथे आधी आत जाऊन पाहा, पोराच्या तोंडाला काय आहे ते. रुमाल दिसला तर गाडी परत फिरवा."

मोटार निळी आली. सुनेने तक्रार केली नाही, आणि नातीचा पिवळा पोळ्याला शेजारच्या बैलांच्या शिंगांवर गेला.

फोर्डच्या काळात रंग पट्ट्याने ठरविला, परवान्याच्या काळात रांगेने आणि टॅक्सीच्या बाबतीत सरकारने. आज तो घरात बसून ठरविता येतो, हे सुख लहान नाही, आणि ते भोगू नका असे आम्ही म्हणणार नाही. लाल घ्या, निळा घ्या, पांढरा घ्या. फक्त नानांची अट आपण सर्वांनी आपली करावी. गॅरेजचा मालक आमच्या अर्जाला भीक घालीत नाही. पण गावातली दहा गिऱ्हाइके दारातून परतली, तर अकराव्या दिवशी तो मुखवटा आणील. संघटनेचे काम पुष्कळदा गिऱ्हाईकही करू शकते, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.