मुंबई हायचा शोध : एका मितीचा विचार

मुंबईच्या पश्चिमेस भर समुद्रांत सुमारें १६० किलोमीटरांवर असलेल्या तेलक्षेत्राचा शोध १९७४ च्या फेब्रुवारींत लागला, असें सर्वत्र लिहिलेलें आढळतें. ‘सागर सम्राट’नें खणलेल्या विहिरींत त्या महिन्यांत तेल लागलें, एवढ्यापुरती ही मिति निर्विवाद आहे. परंतु तेल लागणें आणि शोध लागणें या गोष्टी एकच मानाव्या काय? किल्ल्यावर निशाण केव्हां चढलें हें सांगणारा कागद निराळा, आणि तो घेण्याची मसलत केव्हां झाली हें सांगणारा निराळा. दुसरा हातीं आल्यावांचून पहिल्याचा अर्थ पुरता लागत नाहीं.

येथील मसलतीचा कागद दहा वर्षांनीं जुना आहे. १९६४ ते १९६७ च्या दरम्यान ‘अकादेमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएट जहाजावरून रशियन व भारतीय तज्ज्ञांनीं खंबायतच्या आखाताची पाहणी केली. पाण्यांत आवाज करावयाचा, तळाखालच्या निरनिराळ्या थरांवरून त्याचे प्रतिध्वनि किती वेळानें परत येतात तें टिपावयाचें, आणि त्यावरून न दिसणाऱ्या थरांचा नकाशा काढावयाचा, अशी ही रीत आहे. या कामांतच भूगर्भांतील एक विस्तीर्ण उंचवटा नजरेस आला. ‘हाय’ हें नांव त्या उंचवट्याचें. समुद्रावरून पाहणाऱ्यास तेथें पाण्याखेरीज कांहींच दिसत नाहीं.

उंचवटा दिसला तरी तेल आहेच असें ठरत नाहीं. विंधून पाहावें लागतें. तेथें पाणी सुमारें ७५ मीटर खोल, आणि तेवढ्या पाण्यांत उभें राहून विंधण्याचें साधन त्या काळीं आपल्याजवळ नव्हतें. म्हणून आरंभ किनाऱ्याजवळ झाला. १९७० सालीं खंबायतच्या आखातांत अलियाबेट येथें समुद्रांतील पहिली विहीर खणण्यांत आली. १९७२ सालीं मुंबईपुढील उंचवट्याची पुन्हा बारकाईनें मोजणी झाली, आणि १९७३ मध्यें जपानांत ‘सागर सम्राट’ तयार झाली. आपले लांब पाय समुद्रतळावर रोवून धड पाण्याबाहेर उचलून धरणारी ही नौका होय. नाणीं व नोटा जमविणाऱ्या आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या संग्रहीं तिचें चित्र असेलच. २०१५ सालीं पुन्हा निघालेल्या एक रुपयाच्या नोटेवर तें आहे.

हा क्रम ध्यानांत घेतला म्हणजे एक प्रचलित समजूत टिकत नाहीं. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचा भाव पिंपामागें सुमारें तीन डॉलरांवरून जानेवारी १९७४ पर्यंत अकरांवर गेला, आणि या धक्क्यामुळेंच आपण समुद्रांत उतरलों, असें कित्येक लिहितात. परंतु अलियाबेटची विहीर आणि १९७२ ची मोजणी हीं दोन्ही त्या युद्धापूर्वींचीं आहेत. भाववाढीनें शोधाचें मोल वाढविलें. शोध तिनें लावला नाहीं, असें आमचें मत आहे.

भूगर्भाची हकीकतही मोठी मनोरंजक आहे. सह्याद्रीच्या ज्या काळ्या कातळांत आपलीं लेणीं कोरलीं आणि ज्यावर आपले गड उभे राहिले, तोच कातळ समुद्राखालीं गेला असून या तेलक्षेत्राच्या बुडाशीं आढळतो. त्यावर पुढें शेल व चुनखडीचे थर सांचले. शेजारच्या खोलगट भागांत सेंद्रिय द्रव्यापासून झालेलें तेल वर सरकत सरकत सुमारें दोन कोटि वर्षांपूर्वींच्या सच्छिद्र चुनखडींत शिरलें, आणि वरच्या घट्ट शेलनें तें तेथें कोंडून धरलें.

उत्पादन १९७६ च्या मे महिन्यांत सुरू झालें. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तें शिखरास पोंचलें व पुढें ओसरलें. २०२५ सालीं तें सांवरण्यासाठीं ब्रिटिश कंपनी बीपीचें तांत्रिक साहाय्य घेण्यांत आलें. इकडे २०२१ सालीं ग्लासगो येथें भारतानें २०७० पर्यंत कर्बवायूचें निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचें जाहीर केलें आहे. म्हणून विहिरी मिटल्या कीं त्यांचे कागदही रद्दींत, असें कोणी समजूं नये. रिकाम्या झालेल्या थरांत कर्बवायु कोंडून ठेवावयाचा झाल्यास प्रत्येक जुनी विहीर कोठें, किती खोल व कोणत्या तऱ्हेनें बुजविली हें कळलेंच पाहिजे. एक विहीर नोंदींतून निसटली तर कोंडलेला वायु तिच्या वाटेनें वर येऊं शकेल. पन्नास वर्षांपूर्वींची नोंदवही अशा वेळीं केवळ कुतूहलाची वस्तु राहत नाहीं.

सरकारी मोजण्यांसाठीं २०१७ पासून राष्ट्रीय माहितीसंग्रह आहे. पण नौकेवर काम केलेल्या माणसांच्या रोजनिशा, घरीं धाडलेलीं पत्रें व छायाचित्रें त्यांत कशीं यावीं? तीं मुंबई, उरण, पनवेल येथील घरांतल्या पेट्यांत शोधावीं लागतील. असे कागद ज्यांच्या पाहण्यांत येतील त्यांनीं निदान त्यांची याद करून तारखांसह मंडळाकडे पाठवावी. १९७२ ते १९७४ या तीन सालांचे कागद आम्हांस प्रथम हवे आहेत.